शेपच्या नावाची पावती
कुत्र्याच्या नावाने वर्गणी म्हटली की ठरलेला प्रश्न येतो: माणसं उपाशी असताना हे लाड कशाला? अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या फोर्ट बेंटन गावाचं उत्तर मला चोख वाटतं. १९३६ मध्ये तिथून एका मेंढपाळाचं शव रेल्वेने रवाना झालं आणि त्याचा कुत्रा शेप पुढे साडेपाच वर्षं येणाऱ्या प्रत्येक गाडीचे उतारू न्याहाळत राहिला. जानेवारी १९४२ मध्ये गाडीखालीच गेला. एड शील्ड्स या कंडक्टरने त्याच्या गोष्टीची पुस्तिका काढून प्रवाशांना विकली आणि पैसे दिले ग्रेट फॉल्सच्या कर्णबधिर व अंध मुलांच्या शाळेला. म्हणजे माणसांच्या ताटातलं काढलं नाही, उलट वाढलं. पुतळ्याला माझा विरोध नाही (फोर्ट बेंटननेही १९९४ मध्ये उभारलाच); पण टोकियोच्या शिबुयात १९३४ साली लोकवर्गणीतून उभा राहिलेला हाचिको या कुत्र्याचा ब्राँझचा पुतळा पुढे युद्धासाठी वितळवला गेला आणि १९४८ मध्ये नवा करावा लागला. मुलांच्या शिक्षणावर खर्चलेला पैसा असा कुणाला वितळवता येत नाही. ‘मग कुत्रा मध्ये कशाला, सरळ शाळेसाठीच मागा’ असं कुणी म्हणेल. मागून बघा की! पावतीपुस्तक घेऊन जिने चढलेला मंडळाचा कोणताही कार्यकर्ता सांगेल, नुसतं संस्थेचं नाव ऐकून दार किती उघडतं आणि गोष्ट ऐकून किती.