आठ वर्षांनंतरची दप्तरे

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी म्हापशाच्या बाजारपेठेत काय किंवा मडगावच्या पेढ्यांवर काय, नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक आजही उमटते. हिशेब संगणकात गेले, कीर्द-खतावणी लिहिणारे दिवाणजी काळाआड गेले, तरी एक कोरी वही पूजेपुरती आणली जाते. प्रथा चांगली आहे. परंतु नव्या वहीचे एवढे कौतुक करणाऱ्या आमच्या व्यापारी समाजापाशी जुन्या वहीचे काय करावयाचे याविषयी मात्र कसलेही निश्चित धोरण नाही. ती एक तर माळ्यावर जाऊन वाळवीच्या आणि चार महिन्यांच्या पागोळ्यांच्या स्वाधीन होते, नाही तर दुकानाला नवा रंग देण्याच्या निमित्ताने किलोच्या भावाने रद्दीवाल्याकडे जाते. पुढे केव्हा तरी एखाद्या खात्याची नोटीस येते, जुना नोकर दाखला मागावयास येतो किंवा भावाभावांत वाटणीचा वाद उभा राहतो, तेव्हा त्या वहीची आठवण होते.

‘दप्तर किती वर्षे ठेवावयाचे?’ असे कोणाही दुकानदारास विचारले तर ‘आठ वर्षे’ असे उत्तर बहुधा येईल. हे उत्तर त्याने कोठे ऐकले? ते कंपनी कायद्यातून आलेले आहे. १९५६ च्या कायद्यात आठ वर्षांची मुदत होती आणि २०१३ च्या कायद्याच्या १२८ व्या कलमानेही कंपन्यांना मागील किमान आठ आर्थिक वर्षांची हिशेबपुस्तके, त्यांना आधारभूत असलेल्या व्हाउचरांसह, नीट जपून ठेवण्यास बजावले आहे. चौकशी चालू असल्यास सरकार ही मुदत वाढवू शकते. पण आमच्या बाजारपेठेतील बहुसंख्य दुकाने कंपन्या नव्हेतच. त्या एकट्या मालकाच्या अथवा भागीदारीच्या पेढ्या आहेत. त्यांना हे कलम लागू नाही, आणि जे नियम लागू आहेत त्यांचा हिशेब वेगळा आहे.

वस्तू व सेवा कर कायद्याच्या ३६ व्या कलमान्वये त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने कागद ठेवावे लागतात. मार्च २०२४ मध्ये संपलेल्या वर्षाचे विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत भरावयाचे होते. म्हणजे त्या वर्षाची बिले २०३० च्या डिसेंबरअखेर हलवता येणार नाहीत. अपील अथवा चौकशी चालू असेल तर तिचा अंतिम निकाल लागल्यानंतर आणखी एक वर्ष. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याखालील नियमांनी डॉक्टर, वकील, वास्तुशास्त्रज्ञ आदी व्यावसायिकांस संबंधित कर-आकारणी वर्ष संपल्यापासून सहा वर्षे पुस्तके ठेवावयास सांगितले होते. तो कायदा आता जुना झाला. १ एप्रिल २०२६ पासूनच्या व्यवहारांसाठी २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा आला. परंतु जुन्या वर्षांचे व्यवहार जुन्याच कायद्याने तपासले जावयाचे आहेत, हे नव्या कायद्याच्या आनंदात जुने कागद फेकावयास निघालेल्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

मुळात आठ की सहा हा आकडा दुय्यम आहे. तो मोजावयास प्रारंभ केव्हा करावयाचा, हा खरा प्रश्न आहे, आणि घोटाळा होतो तो येथेच. एखाद्या व्यापाऱ्यास २०१५-१६ साली मोठा तोटा झाला असे समजू. धंद्यातील तोटा पुढील आठ आकारणी वर्षांपर्यंत ओढता येतो. तो शेवटी २०२४-२५ च्या आकारणीत वजा केला गेला. त्या आकारणीत पन्नास लाख रुपयांहून अधिक उत्पन्न सुटले असा खात्यास संशय आला, तर २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे आकारणी वर्ष संपल्यापासून सव्वापाच वर्षांपर्यंत, म्हणजे २०३० च्या जूनअखेरपर्यंत, ती फेरउघडता येते. मूळ तोटा खरा होता काय, असा प्रश्न त्या वेळी आला तर उत्तर कोणत्या कागदांत आहे? २०१५-१६ च्या. आठ वर्षांचे पाठ केलेले सूत्र येथे चौदा वर्षांपुढे अपुरे पडते. दुकानाची जागा, गोदाम, यंत्रसामग्री यांची खरेदीखते व दुरुस्तीची बिले तर त्या वस्तू विकल्या जाईपर्यंत आणि त्या विक्रीची आकारणी निकालात निघेपर्यंत ठेवणेच प्राप्त आहे. वाडवडिलांनी बांधलेले घर विकताना नफ्यावरील कर भरावा लागतो, आणि घरावर केलेला खर्च सिद्ध करता आला नाही म्हणून तो अधिक भरावा लागतो, हा अनुभव गोव्यात काही थोड्यांचा नाही.

गोव्याची म्हणून एक वेगळी कथा येथे सांगितली पाहिजे. १९६१ साली गोवा मुक्त झाला, पण पोर्तुगीज दिवाणी संहिता राहिली. १८६७ च्या त्या संहितेच्या ५३५ व्या कलमाप्रमाणे कर्जाची बाकी वसूल करण्याचा हक्क वीस, नाही तर तीस वर्षांपर्यंत टिकत असे. भारतीय मुदत कायदा मात्र अशा येण्याला सामान्यतः तीनच वर्षे देतो. दोहोंपैकी गोव्यात कोणता चालावयाचा? १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने पोर्तुगीज मुदतीच्या बाजूने कौल दिला, आणि २००१ साली, तत्कालीन सिंडिकेट बँकेच्या एका खटल्यात, त्याच न्यायालयाने तो फिरवून १९६३ चा मुदत कायदाच गोव्यास लागू असल्याचे सांगितले. ज्या सावकाराने वा पेढीवाल्याने १९७९ च्या निर्णयावर विसंबून तीस वर्षांच्या भरवशावर रोखे जपले होते त्याचे ते रोखे एका निकालाने निरुपयोगी झाले. आणि उलटपक्षी, कर्ज फेडल्याची पावती ज्याने सांभाळली होती तो इतकी वर्षे निर्धास्त झोपू शकला. मुदतीचे कायदे बदलतात. हातातली पावती तेवढी बदलत नाही.

आतापर्यंत मालकाच्या हिताचे सांगितले. परंतु ज्या कागदांवर दुसऱ्याचे पोट अवलंबून असते त्यांचा विचार आमच्या व्यापारी मंडळींत क्वचितच होतो, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. १६ नोव्हेंबर १९९५ पासून कामगारांची निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. वेतनाच्या एका मर्यादेपर्यंतच तिची वर्गणी जात असे; ती मर्यादा २००१ साली साडेसहा हजार आणि २०१४ साली पंधरा हजार झाली. प्रत्यक्ष वेतनावर निवृत्तिवेतन मागता येईल की नाही, याविषयी बरीच वर्षे वाद चालला आणि ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही अटींवर त्याची वाट मोकळी केली. जुलै २०२३ पर्यंत सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. यातील प्रत्येक अर्जामागे मालकाने त्या कामगाराच्या वेतनाचा तपशील भरून द्यावयाचा होता, आणि तोही अनेकांच्या बाबतीत थेट १९९५ पासूनचा. मालकांच्या विनंतीवरून मुदत पुनःपुन्हा वाढविण्यात आली, तरी डिसेंबर २०२४ मध्ये तीन लाख दहा हजारांच्या घरात अर्ज मालकांकडेच अडून पडलेले होते.

हे अर्ज का अडले याची कारणे निरनिराळी असतील. काही मालकांचा आळस असेल, काहींच्या गणकयंत्रांचा घोळ असेल. परंतु एक कारण उघड आहे: सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वीचे पगारपत्रक कोणी ठेवले आहे? हिशेबतपासनिसाने आठ वर्षे सांगितली, मालकाने ती ऐकली आणि नवव्या वर्षी पगारपत्रके गेली. कोणत्याही कायद्याचा भंग झाला नसेल. पण साठी उलटलेला माणूस दर महिन्यास आपल्या हक्काच्या रकमेला मुकला. त्याच्यापाशी स्वतःची पगारचिठ्ठी असती तर त्याची बाजू अधिक बळकट झाली असती, हे खरे. परंतु ज्या काळात सही घेऊन रोख पगार हातावर ठेवला जाई आणि चिठ्ठी बिठ्ठी काही मिळत नसे त्या काळातील कामगारास हे सांगणे म्हणजे थट्टाच होय. आमचे स्पष्ट मत असे आहे की पगारपत्रक आणि भविष्यनिर्वाह निधीचे कागद यांना आठ वर्षांचा नियम लावूच नये. कामगार निवृत्त होऊन त्याचे निवृत्तिवेतन सुरळीत चालू होईपर्यंत ते ठेवावेत. चाळीस कामगारांच्या कारखान्याचे वर्षभराचे पगारपत्रक एका फायलीत मावते. तीस वर्षांचे एका कपाटात. एवढ्या जागेची टंचाई कोणत्याच कारखान्यात नसते.

धंदाच बंद पडला तर प्रश्न आणखी बिकट होतो. कंपनी विसर्जित झाल्यावर पाच वर्षांनी तिच्या कागदपत्रांची जबाबदारी कोणावरच राहत नाही, असे कंपनी कायद्याचे ३४७ वे कलम सांगते. गोव्यात २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, आणि त्यांच्यावर पोसलेले बार्जमालक, ट्रकमालक, दुरुस्तीचे कारखाने एकामागून एक हातपाय गाळून बसले. त्यांच्याकडे काम केलेल्या माणसांच्या सेवेचे दाखले आज कोठे मिळावयाचे? खाणींच्याच प्रकरणाने दप्तराचे दुसरेही एक महत्त्व दाखवून दिले. शहा आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये संसदेपुढे आला. त्याने सुमारे पस्तीस हजार कोटींच्या नुकसानीचा अंदाज मांडला आणि तो आकडा मान्य नसलेल्यांनी त्यावर कडाडून हल्ला केला. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे उत्खनन बेकायदा ठरले. किती माल काढला, किती धक्क्यावर आला, किती जहाजात चढला, स्वामित्वधन किती भरले, हे ठरवावयाचे तर रॉयल्टीची चलने आणि बार्जच्या खेपांच्या नोंदी यांखेरीज दुसरा आधार कोणता? आकडा फुगविलेला आहे असे म्हणणाऱ्याला आणि दडविलेला आहे असे म्हणणाऱ्याला, दोघांनाही शेवटी त्याच कागदांकडे जावे लागते.

मग सर्वच कागद सर्वकाळ ठेवावेत काय? मुळीच नाही, आणि तसे सांगणारे सल्लागार कामाचे नव्हेत. जो सर्व ठेवतो त्याला वेळेवर काहीच सापडत नाही. दैनंदिन पत्रव्यवहार, मालाची दरपत्रके, चहापाण्याची आणि टॅक्सीची बिले हे आकारणीची मुदत संपताच खुशाल निकालात काढावेत. मात्र काढताना काय काढले व कोणत्या तारखेस काढले याची एका वहीत नोंद करून मालकाने तीखाली सही करावी. नोटीस आल्यानंतर फाडलेला कागद आणि नेमाप्रमाणे आधीच काढून टाकलेला कागद यांत न्यायालय भेद करते, तो या नोंदीवरून. ग्राहकांची व नोकरांची खासगी माहिती, ओळखपत्रांच्या प्रती हे कारण संपल्यावर साठवून ठेवणे तर यापुढे दोषास्पद ठरेल. २०२३ साली संमत झालेल्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचे सूत्रच तसे आहे. याउलट भागीदारीचे करारपत्र, जागेचे दस्तऐवज आणि हक्कांविषयीचे निकाल कधीच काढू नयेत. कंपन्यांच्या सभांचे वृत्तांत आणि सभासदांच्या नोंदवह्या कायमच्या ठेवाव्यात असा कायद्याचाच दंडक आहे. आमच्या देवस्थानांचे महाजन पिढ्यान्‌पिढ्यांच्या महाजनवहीतील नावासाठी न्यायालयापर्यंत भांडतात. त्याच्या एक दशांश आस्था त्यांनी आपल्या पेढीच्या करारपत्राविषयी दाखविली तरी अनेक वाटण्या सामोपचाराने होतील.

‘आता सारे संगणकात आहे’ हे उत्तर हल्ली फार ऐकू येते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना अशी हिशेबप्रणाली वापरावी लागते की जिच्यात केलेला प्रत्येक फेरफार तारखेसह नोंदला जाईल आणि ती नोंद कोणालाही बंद करता येणार नाही. हे ठीकच झाले. परंतु पंचवीस वर्षांपूर्वी फ्लॉपीवर उतरवून ठेवलेले हिशेब आज वाचून दाखविणारे यंत्र कोणाच्या दुकानात आहे? टॅलीच्या जुन्या आवृत्तीतील खाती रूपांतर केल्यावाचून नवीत उघडत नाहीत. पेट्रोलपंपावर व उपाहारगृहात मिळणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या तर आमच्या दमट हवेत वर्षभरात कोऱ्या होतात. त्यांची झेरॉक्स त्याच दिवशी काढली नाही तर आठ वर्षे जपून ठेवावयाचा तो निव्वळ कोरा कागद. शाईने लिहिलेली मोडीतील खतावणी दीडशे वर्षांनी वाचता येते, वाचणारा मात्र मिळत नाही. संगणकातील खतावणी वाचावयास सारे तयार, पण ती उघडतच नाही. प्रत्येक वर्षअखेरीस त्या वर्षाची कीर्द, खतावणी व ताळेबंद कागदावर छापून बांधून ठेवण्यास फार तर एका दुपारचे काम लागेल.

पणजीच्या म्हामाई कामत घराण्याने अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील आपल्या पेढीचे कागद रद्दीत घातले नाहीत. पोर्तुगीज, फ्रेंच, मराठी, गुजराती अशा अनेक भाषांतील ती पत्रे आणि ते हिशेब पुढे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आले. माहे येथील फ्रेंचांशी चाललेला व्यापार, अफू, ब्राझीलची तंबाखू, आणि गोव्यातून चाललेली गुलामांची खरेदी-विक्री यांविषयी जे दरबारी कागदांत सापडत नाही ते तेथे मिळाले. ज्या कारकुनाने ती बाकी मांडली त्याला ती आठ वर्षेही जपण्याचे कायदेशीर बंधन नव्हते. सरकारी दप्तरांसाठी १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. खासगी पेढीच्या दप्तराला कोणी वाली नाही. १५९५ पासूनची परंपरा सांगणाऱ्या पणजीच्या पुराभिलेखागाराने बंद पडणाऱ्या जुन्या पेढ्यांचे, सोडा कारखान्यांचे, बार्जवाल्यांचे निवडक दप्तर स्वीकारण्याची सोय करावी. आणि १९०८ साली स्थापन झालेल्या गोवा वाणिज्य मंडळाने कोणता कागद किती वर्षे, आणि कोणत्या तारखेपासून, याचे एक पानी कोष्टक मराठी व कोकणीत छापून येत्या दिवाळीपूर्वी प्रत्येक दुकानी पोहोचवावे. पहिल्या ओळीत पगारपत्रक असावे.