विश्लेषण : राईडवर बसण्याआधी मोबाइल बाहेर का ठेवायचा? ‘नायट्रो’पासून जत्रेतल्या पाळण्यापर्यंतचा हिशेब

मनमाडहून शिर्डीच्या वॉटर पार्कला किंवा खोपोलीजवळच्या इमॅजिकाला निघालेल्या सहलीत एक प्रसंग ठरलेला असतो. रांगेत तासभर तिष्ठल्यावर नंबर येतो आणि राईडच्या दारातला कर्मचारी सांगतो, ‘मोबाइल, चष्मा, टोपी, पाकीट बाहेर ठेवा.’ मग हुज्जत सुरू होते. ‘खिशाला चेन आहे.’ ‘हातात घट्ट धरतो.’ ‘वीस हजारांचा फोन कुणाच्या भरवशावर ठेवायचा?’ यातले पहिले दोन मुद्दे टिकत नाहीत. तिसरा मात्र रास्त आहे आणि त्याचे उत्तर बहुतेक ठिकाणी नीट दिले जात नाही.

खिशातला फोन बाहेर पडतोच कसा?

एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून गतिरोधक ओलांडलेल्या कुणालाही हे समजेल. बस झपकन खाली जाते, अंग मात्र क्षणभर वरच राहते. रोलर कोस्टरच्या चढ-उतारांत हाच धक्का मुद्दाम, मोजूनमापून दिलेला असतो. त्याला ‘एअरटाइम’ म्हणतात आणि लोक त्यासाठीच पैसे मोजतात. माणसाला गाडीबरोबर खाली ओढायला छातीवर किंवा मांडीवर दांडा असतो. फोनला तसे काही नसते. गाडी खाली जाते आणि फोन आधीच्याच वेगाने, आधीच्याच दिशेने पुढे निघतो. त्यात बसल्यावर पँटचा खिसा आडवा होतो, म्हणजे फोन अर्धा बाहेर आलेलाच असतो.

हातात धरण्याचा हिशेब तर आणखी फसवा आहे. उताराच्या तळाशी अंगावर वजनाच्या तिप्पट-चौपट भार येतो. तिथे २०० ग्रॅमचा फोन ६००-८०० ग्रॅमचा वाटतो आणि पुढच्या चढाच्या माथ्यावर त्याचे वजन जवळजवळ शून्य होते. हा बदल एक-दोन सेकंदांत घडतो आणि तोही एका हाताने व्हिडिओ काढत असताना. मूठ कितीही घट्ट असली तरी इतक्या झटपट बदलाशी तिला जुळवून घेता येत नाही.

आता आकडे पाहू. इमॅजिकातील ‘नायट्रो’ २०१३ मध्ये सुरू झाली. उंची सुमारे ४० मीटर, कमाल वेग ताशी १०५ किलोमीटर, प्रवाशांना उलटे करणारी वळणे पाच. ती ‘फ्लोअरलेस’ जातीची आहे, म्हणजे पायाखाली फरशीच नाही. खिशातून निसटलेली वस्तू गाडीत अडकून राहण्याची शक्यता फार कमी. २०० ग्रॅमचा फोन ताशी १०५ किलोमीटर वेगाने सुटला तर त्यात सुमारे ८५ ज्यूल ऊर्जा असते. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी ११५ ते १२० किलोमीटर वेगाने आला तर तेवढीच ऊर्जा भरते. फरक एवढाच की चेंडू गोल असतो आणि समोरच्याच्या डोक्यावर हेल्मेट असते.

मग लागतो कुणाला?

कधी मागच्या रांगेत बसलेल्यांना, कधी रुळांखालून जाणाऱ्या वाटेवरच्या लोकांना. अमेरिकेत ऑरलँडोच्या युनिव्हर्सल पार्कमध्ये दोन कोस्टर समोरासमोर धावत येऊन एकमेकांच्या अगदी जवळून जात. २०११ च्या उन्हाळ्यात तिथे काही आठवड्यांच्या अंतराने उडालेल्या वस्तू लागून दोघे जखमी झाले. त्यातल्या एकाने डोळा गमावला. त्यानंतर पार्कने दोन्ही गाड्या एकाच वेळी सोडणे कायमचे बंद केले. ज्या थरारासाठी ती राईड बांधली होती तोच उडालेल्या वस्तूंपायी संपला.

याउलट २०१९ मध्ये स्पेनच्या पोर्टअव्हेंचुरा पार्कमधला व्हिडिओ जगभर फिरला. पुढच्या कुणाचा तरी फोन हवेत उडतो आणि मागे बसलेला प्रवासी धावत्या कोस्टरवर तो अलगद झेलतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोच फोन वीतभर बाजूने आला असता तर थेट त्याच्या तोंडावर आदळला असता, हे त्याच व्हिडिओत दिसते.

सर्वांत वाईट घटना मात्र फोन पडल्यानंतरच्या आहेत. ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या सीडर पॉइंट पार्कमध्ये आपली पडलेली वस्तू शोधायला एक माणूस कुंपण ओलांडून ‘रॅप्टर’ कोस्टरखाली गेला आणि गाडीची धडक बसून मरण पावला. जून २०२४ मध्ये त्याच राज्यातल्या किंग्ज आयलंड पार्कमध्ये ‘बॅन्शी’ कोस्टरखाली जवळपास हेच पुन्हा घडले. दोन्ही कोस्टरमध्ये गाडी रुळाच्या खालून लटकत धावते. प्रवाशांचे पाय सर्वांत खाली असतात. खाली उभ्या माणसाला वाटते रूळ तर किती वर आहे. गाडी येते तेव्हा मात्र ती डोक्याच्या उंचीवरून जाते. ते कुंपण बागेच्या शोभेसाठी घातलेले नसते.

एका फोनसाठी अख्खी राईड का थांबवतात?

हे मनमाडकरांना वेगळे समजावून सांगायची गरज नाही. रेल्वेच्या पारंपरिक ब्लॉक पद्धतीत एका ब्लॉक सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी सोडतात. पुढची गाडी पुढच्या स्टेशनात पोहोचल्याशिवाय मागची निघत नाही. मोठ्या रोलर कोस्टरचा रूळही असाच ब्लॉकमध्ये विभागलेला असतो आणि प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी गाडी रोखण्याची सोय असते. कोस्टरच्या गाडीला इंजिन नसते, चालकही नसतो. साखळीने वर ओढून माथ्यावरून सोडली की पुढच्या ब्रेकपर्यंत तिला कुणी थांबवू शकत नाही. म्हणून कॅमेऱ्यावर कुणाच्या हातात फोन दिसला तर ऑपरेटर चढावरच साखळी थांबवतो. त्याच्या हातात असलेली ती पहिली आणि बहुधा शेवटची संधी असते.

२०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील डिस्नेच्या पार्कमध्ये एका प्रवाशाने कोस्टरवर सेल्फी स्टिक बाहेर काढली आणि राईड सुमारे तासभर बंद राहिली. त्याच महिन्याच्या अखेरीस डिस्नेने आपल्या पार्कमध्ये सेल्फी स्टिक आणायलाच मनाई केली. गाडीतून पडलेल्या मोबाइलसाठी साखळी ओढणाऱ्याला रेल्वे कायद्याचे १४१ वे कलम लागते, एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड. कोस्टरवर तसे कलम नाही. भुर्दंड रांगेत उभे असलेले बाकीचे भरतात.

नुसती पाटी पुरते का?

नाही. जगभरातल्या पार्कांचा अनुभव हेच सांगतो. ‘सैल वस्तू नेऊ नयेत’ ही पाटी सगळीकडे असते आणि फोन तरीही पडत राहतात. पुढची पायरी म्हणजे फलाटावरची टोपली किंवा कप्पे. ते सोपे आणि फुकट असतात, पण प्रत्येक फेरीला सामान ठेवण्या-उचलण्यात वेळ जातो आणि आपला फोन दुसऱ्याच्या हाती लागण्याची धास्ती राहते. सीडर पॉइंटने २०१८ मध्ये ‘स्टील व्हेंजन्स’ या नव्या कोस्टरसाठी फोन रांगेतसुद्धा नेण्यावर बंदी घातली. दोन-दोन तासांची रांग आणि हातात फोन नाही, म्हणून लोक वैतागले. नंतर गाडीतच चेनच्या पिशव्या बसवण्यात आल्या. युनिव्हर्सलने २०१५ पासून काही कोस्टरच्या दारात मेटल डिटेक्टर लावले. तिथेच २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हेलॉसिकोस्टर’चे लॉकर दोन्ही बाजूंनी उघडतात. चढताना एका बाजूने फोन ठेवायचा, उतरल्यावर दुसऱ्या बाजूने काढायचा, भाडे नाही.

थोडक्यात, जिथे फोन ठेवायची जागा जवळ, फुकट आणि विश्वासाची असते तिथे नियम पाळला जातो. लॉकर प्रवेशद्वारापाशी आणि राईड अर्धा किलोमीटर आत, असे असेल तर फोन खिशातच राहणार. आज त्या फोनमध्ये यूपीआय असते, परतीचे रेल्वे तिकीट असते, हरवलेल्या पोराला शोधण्याचा एकमेव मार्गही तोच असतो. ‘फोन घरीच ठेवून या’ हा सल्ला आता कुणी मानणार नाही.

‘आम्ही जबाबदार नाही’ म्हटले की संपले?

कायद्याने तसे नाही. वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात सांभाळायला दिली की १८७२ च्या भारतीय करार कायद्याची कलमे १४८ आणि १५१ लागू होतात. घेणाऱ्याने शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी लागते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताजमहाल हॉटेलच्या खटल्यात हेच तत्त्व लावले. पाहुण्याने चावी देऊन लावायला दिलेली गाडी चोरीला गेली होती आणि पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापले होते. हॉटेलच्या बाजूने निष्काळजीपणा झाला असेल तर तेवढ्या छापील ओळीने सुटका होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र इथे ‘ताबा दिला’ हे महत्त्वाचे. कर्मचाऱ्याच्या हाती टोकन घेऊन दिलेला फोन आणि उघड्या टोपलीत स्वतः टाकलेला फोन, या दोन्हींत कायद्याच्या नजरेने बराच फरक पडू शकतो. टोकन जपून ठेवावे ते यासाठी.

जत्रेतल्या पाळण्याचे काय?

खरी चिंता इथे आहे. इमॅजिकाला वर्षातून एकदा कुणी जाते. चांदवडची रेणुकामाता, येवल्याजवळचे कोटमगाव, मालेगावजवळची चंदनपुरी इथल्या यात्रांना मनमाड आणि आसपासची माणसे दरवर्षी जातात. आकाशपाळणा, ब्रेक डान्स, टोराटोरा, ड्रॅगन ट्रेन सगळे असते. लॉकर नसतो, जाळी नसते आणि ‘मोबाइल ठेवा’ म्हणणारेही सहसा कुणी नसते. पाळण्याच्या बरोबर खाली तिकिटाची रांग, कडेवर मूल घेतलेल्या बाया, शेजारी भेळेची गाडी.

वेग कमी म्हणून धोका कमी, असेही नाही. १५ मीटरवरून निसटलेला फोन जमिनीजवळ ताशी सुमारे ६० किलोमीटर वेगाने येतो. आणि फोन ही तर हलकी वस्तू झाली. पाण्याची भरलेली लिटरची बाटली त्याच उंचीवरून पडली तर तिच्यात फोनच्या पाचपट ऊर्जा असते. प्रसादाच्या पिशवीतला नारळही फार मागे नाही.

राईडच्या सुरक्षेसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५४७५ हे मानक आहे. सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाने देण्याचे नियम करण्याचा अधिकार १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३३ व्या कलमात आहे. राजकोटच्या गेमिंग झोनमधील मे २०२४ च्या आगीनंतर गुजरातने राईडसाठी स्वतंत्र नियमही केले. पण यंत्राचे नट-बोल्ट तपासणे वेगळे आणि बसणाऱ्याचे खिसे रिकामे करणे वेगळे. दुसरे काम कागदावर होत नाही. ते पाळण्याच्या दारात उभ्या पोरालाच करावे लागते.

त्यासाठी मेटल डिटेक्टर लागत नाही. शिर्डीत साईबाबांच्या मंदिरात मोबाइल नेता येत नाही; भाविक बाहेरच्या काउंटरवर तो देतात, टोकन घेतात आणि दर्शनाला जातात. चप्पल स्टँडवर तर हे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. खुंट्यांची एक फळी, आकडे घातलेल्या कापडी पिशव्या, पितळी बिल्ले आणि एक माणूस, एवढा खर्च पाळणेवाल्याला झेपतो. यात्रा समितीने जागा देतानाच ही अट घातली तर त्याला तो करावाही लागेल. पाळण्याभोवती दोरी बांधून रांग घेराबाहेर हलवायला तर तेवढेही लागत नाही.

फोन पडलाच तर?

कुंपण ओलांडू नका आणि कुणाला ओलांडू देऊ नका. ऑपरेटरला सांगा : कितवी रांग, कुठली बाजू, साधारण कुठल्या वळणावर. मोठ्या पार्कमध्ये राईड बंद झाल्यावरच कर्मचारी रुळाखाली जातात, त्यामुळे वस्तू बऱ्याचदा संध्याकाळीच मिळते. तोवर सोबतच्याच्या फोनवरून सिम आणि यूपीआय बंद करून घ्या. पोलिसांत तक्रार दिल्यानंतर ‘संचार साथी’ पोर्टलवर आयएमईआय क्रमांक टाकून हँडसेटही ब्लॉक करता येतो. तो क्रमांक *#०६# दाबल्यावर दिसतो; फोन हातात असतानाच लिहून ठेवलेला बरा. लहान मुले बरोबर असतील तर फोन जमा करण्याआधी भेटण्याची जागा ठरवा आणि घरच्या दुसऱ्या कुणाचा तरी नंबर कागदावर लिहून त्यांच्या खिशात घाला. चिठ्ठी पाळण्यातून पडली तरी चालते.