जुन्या गाडीला स्वस्त सिंथेटिक तेल चालेल का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून (वर उपकर होता तो वेगळाच) १८ टक्क्यांवर आला. त्याच्या महिनाभर आधी केंद्र सरकारने वीस वर्षांहून जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ५,००० वरून १०,००० रुपये केली. एप्रिल २०२२ पूर्वी पंधरा वर्षे झालेल्या गाडीला हेच काम ६०० रुपयांत होत होते. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि जुन्या गाडीला ते मानवते की नाही, यावर घरोघरी चर्चा चालते. नवी गाडी स्वस्त आणि जुनी महाग, असा एकूण वारा आहे.

तरी आपल्या वडोदऱ्यातल्या मराठी घरांत जुनी गाडी काही निघत नाही. दांडिया बाजारात काय किंवा कारेलीबागेत काय, मुले पुण्याला नाहीतर परदेशी, घरी दोघेच, आणि दारात बारा-पंधरा वर्षांची वॅगन-आर किंवा सँट्रो. महिन्याला दोन-अडीचशे किलोमीटर चालते: भाजी, देऊळ, डॉक्टर, मंडळाचा कार्यक्रम. पेन्शनवरच्या माणसाने पाच-सहा लाख काढून नवी घ्यावी असे ना गाडीचे हाल आहेत, ना गरज. मग ती नीट कशी टिकवायची, हा प्रश्न उरतो, आणि सभासदांच्या गप्पांत त्याचे रूप बहुधा एकच असते. मेकॅनिक म्हणतो भारी सिंथेटिक ऑइल घाला, ऑनलाइन त्याच्या निम्म्या दरात सिंथेटिक दिसते, आणि शेजारचे काका म्हणतात जुन्या गाडीला सिंथेटिक घालूच नका. यांतले ऐकायचे कोणाचे?

आमचे मत आधीच सांगतो. तेल अस्सल असेल, ग्रेड बरोबर असेल आणि डब्यावरची दर्जाची अक्षरे गाडीच्या पुस्तिकेशी जुळत असतील, तर स्वस्त सिंथेटिक जुन्या गाडीला पुरेसे आहे. मात्र वर्षाला तीन हजार किलोमीटर फिरणाऱ्या घराला सिंथेटिकचा खरा फायदा पदरात पडतच नाही. त्यांनी पैसे वाचवावेत आणि तेल दरवर्षी न चुकता बदलावे.

‘सिंथेटिक’ या शब्दाला आपण समजतो तेवढे वजन नाही. इंजिन ऑइलचा मोठा भाग असतो बेस ऑइल, उरलेली रसायने. या बेस ऑइलचे पाच गट केले जातात. पहिला आणि दुसरा गट म्हणजे साधे खनिज तेल. तिसरा गटही कच्च्या तेलातूनच येतो, पण हायड्रोजनची प्रक्रिया करून तो फार शुद्ध केलेला असतो. चौथा गट खऱ्या अर्थाने प्रयोगशाळेच्या पद्धतीने रेणू जोडून बनवलेला, आणि बाकी सगळे पाचव्यात. पूर्वी चौथ्या-पाचव्यालाच सिंथेटिक म्हणत. नव्वदच्या दशकात अमेरिकेत कॅस्ट्रॉलने तिसऱ्या गटाचे तेल सिंथेटिक म्हणून विकायला सुरुवात केली, मोबिलने तक्रार केली, आणि जाहिरातींची शहानिशा करणाऱ्या तिथल्या संस्थेने १९९९ मध्ये कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून स्वस्त सिंथेटिकचा मार्ग मोकळा झाला. तिसऱ्या गटाचे तेल वाईट नाही. ते कमी उडते, उन्हाळ्यात लवकर पातळ होत नाही, त्यात गाळ कमी धरतो. आपल्या कोयलीच्या रिफायनरीच्या विस्तारात (१३.७ वरून १८ दशलक्ष टनांपर्यंत) बेस ऑइलचा कारखानाही आहे, हे इथे सांगायला हरकत नाही.

म्हणजे स्वस्त सिंथेटिक आणि महाग सिंथेटिक यांत पुष्कळदा बेस ऑइल एकाच जातीचे असते. फरक रसायनांचा, जाहिरातीचा आणि विक्रीच्या साखळीतल्या कमिशनचा. काही कंपन्या डब्यात मेकॅनिकसाठी कूपन किंवा गुणांचा कोड ठेवतात. बँकांत विमा विकायला लागल्यावर ग्राहकाला कोणती पॉलिसी ‘योग्य’ ठरते ते आम्ही जवळून पाहिले आहे, तेव्हा मेकॅनिकच्या आग्रहाचे आम्हाला नवल वाटत नाही. त्याला दोष देऊ नये, पण डबा आपण वाचावा.

डब्यावर वाचायचे काय? पहिले, आकडे. ५डब्ल्यू-३० मधला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा. ५डब्ल्यू तेलाची थंडीतली परीक्षा उणे ३० अंशांवर घेतात, २०डब्ल्यूची उणे १५ वर. वडोदऱ्यात जानेवारीच्या पहाटे दहा अंश झाले तरी आपण स्वेटर काढतो, त्यामुळे त्या बाजूने २०डब्ल्यूसुद्धा चालून जाते. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना पातळ तेल वरपर्यंत लवकर पोहोचते, एवढा फायदा खरा. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरच्या घट्टपणाचा, आणि तो पुस्तिकेप्रमाणेच ठेवायचा. इथे आपल्याकडची एक सवय नडते: गाडी जुनी झाली की घट्ट तेल घालायचे. मारुती ८०० च्या पिढीला २०डब्ल्यू-४० चालत होते. पुढच्या इंजिनांत तेलाच्या वाटा बारीक झाल्या, काहींत व्हॉल्व्हची वेळसुद्धा तेलाच्या दाबावर बदलते. त्यांत २०डब्ल्यू-५० ओतले तर सकाळी वरचे भाग काही क्षण कोरडे फिरतात आणि पेट्रोलही जास्त लागते. इंजिन खरोखर तेल पीत असेल, तर पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडपैकी जरा घट्ट असेल ती निवडावी. बहुतेक पुस्तिकांत एकाहून अधिक ग्रेड दिलेल्या असतात.

दुसरी वाचायची गोष्ट म्हणजे अक्षरे, आणि आमच्या मते आकड्यांपेक्षाही ती महत्त्वाची. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, पेट्रोल इंजिनांच्या तेलाला ‘एस’ने सुरू होणारी जोडी देते. दुसरे अक्षर जितके पुढचे तितका दर्जा नवा. एसजे २००१ पर्यंतच्या गाड्यांसाठी, एसएल २००४ पर्यंतच्या, एसएम २०१० पर्यंतच्या, एसएन २०२० पर्यंतच्या, आणि मे २०२० पासून एसपी. नवे अक्षर जुन्या गाडीला चालते, उलटे नाही. एसएचच्या आधीचे आणि खुद्द एसएच एपीआयने कालबाह्य ठरवले आहेत. एसएफ हा दर्जा तर १९८८ नंतर बनलेल्या इंजिनांना पुरेसा नाही असे तीच संस्था सांगते. तरीही स्वस्त डब्यांवर एसएफ छापलेले सापडते, आणि शेजारी मोठ्या अक्षरांत ‘सिंथेटिक तंत्रज्ञान’. २००८ च्या गाडीला एसएन किंवा एसपी लिहिलेले स्वस्त तेल बेलाशक घालावे. एसएफ लिहिलेले फुकट मिळाले तरी घालू नये. डिझेल गाडीवाल्यांनी ‘सी’ने सुरू होणारी अक्षरे पाहावीत. टर्बो असलेल्या जुन्या डिझेलला मात्र काटकसर करू नये, टर्बोची धुरी याच तेलावर फिरते आणि फार तापते.

आता हिशेब. आकडे गृहीत धरलेले आहेत, आपापल्या दुकानाप्रमाणे बदलून घ्यावेत. छोट्या गाडीला तेल तीन लिटरच्या आसपास लागते. खनिज तेल ३५० रुपये लिटर, स्वस्त सिंथेटिक ५५०, महाग सिंथेटिक १,०००, आणि फिल्टर १५० असे धरले, तर एका बदलाचा खर्च अनुक्रमे १,२००, १,८०० आणि ३,१५० रुपये होतो. वर्षाला ३,००० किलोमीटर, लिटरला १५ किलोमीटर, पेट्रोल ९५ रुपये: वर्षाचे पेट्रोल १९,००० चे. पातळ ग्रेडमुळे दोन टक्के बचत झाली असे उदारपणे धरले तरी ३८० रुपये. म्हणजे स्वस्त सिंथेटिकवर जादा घातलेले ६०० सुद्धा वसूल होत नाहीत, महाग सिंथेटिकचे १,९५० तर दूरच.

सिंथेटिकची खरी कमाई लांब पल्ल्यात आहे. साधे तेल गॅरेजवाले पाच हजार किलोमीटरला बदलतात, चांगले सिंथेटिक दहा हजारांपर्यंत जाते. पण पुस्तिकेत ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी येईल ते’ असे असते, आणि आपल्या गाड्यांत नेहमी महिनेच आधी येतात. बारा महिन्यांनी महागडे तेल ३,००० किलोमीटर चालून काढून टाकायचे, म्हणजे मुदत ठेव पूर्ण व्हायच्या आधीच मोडण्यासारखे. ज्यांची जुनी गाडी रोज हालोल-सावलीला नोकरीसाठी जाते, वर्षाला बारा हजार किलोमीटर होतात, त्यांचे गणित उलटे. त्यांना साधे तेल वर्षात दोन-तीनदा बदलावे लागते आणि पेट्रोलची बचतही चौपट होते. त्यांनी स्वस्त सिंथेटिक घ्यावे, जरूर घ्यावे.

कमी चालणाऱ्या गाडीचे तेल कमी खराब होते, हा समज मोडायला हवा. दोन किलोमीटरवर भाजी घेऊन परत आले की इंजिन पुरते तापतच नाही. जळणातून झालेली पाण्याची वाफ आणि न जळलेले पेट्रोल तेलात उतरते आणि तिथेच राहते. इथेनॉलला पाण्याची ओढ आहे, त्यामुळे नव्या पेट्रोलवर याकडे अधिकच लक्ष हवे. मायलेजबद्दल नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के घट सांगितली होती, पेट्रोलियम मंत्रालय ती भीती अवास्तव म्हणते, आणि २० टक्के मिश्रणाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. हा वाद कुठेही गेला तरी आपल्या हातातले दोनच उपाय आहेत. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवावी, आणि वर्ष झाले की तेल काढावे, मग ते कितीही स्वच्छ दिसो.

शेजारच्या काकांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. सुरुवातीच्या काळातल्या सिंथेटिक तेलांनी रबरी सील आकसत, म्हणून गळती होई. आताच्या तेलांत त्यावर औषध असते. पण वर्षानुवर्षे तेल वेळेवर न बदललेल्या इंजिनात साचलेला गाळ सीलच्या भेगा बुजवून बसलेला असतो. चांगले तेल तो धुऊन काढते आणि गळती दिसू लागते. सेकंडहँड घेतलेल्या, इतिहास माहीत नसलेल्या गाडीत म्हणूनच पहिला बदल दोन-तीन हजार किलोमीटरवरच करावा, फिल्टरसकट. आणि पंधरवड्याला सकाळी, गाडी सपाट जागी आणि इंजिन थंड असताना, ऑइलची पट्टी ओढून पाहावी. जुनी इंजिने निकृष्ट तेलापेक्षा कमी तेलाने जास्त मरतात. ज्यांच्याकडे अजून पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर सांभाळलेली आहे त्यांचा प्रश्न निराळा. त्या टॅपेटना जस्त-फॉस्फरसचे रसायन जरा जास्त लागते आणि नव्या पातळ ग्रेडच्या तेलांत फॉस्फरसवर मर्यादा असते, तेव्हा त्यांनी जाड ग्रेडचे खनिज तेलच चालू ठेवावे.

खरी भीती बनावट आणि सुट्या तेलाची. वापरलेले काळे तेल शास्त्रशुद्ध पद्धतीने पुन्हा शुद्ध करता येते, आणि १ एप्रिल २०२४ पासून उत्पादकांवर त्याच्या पुनर्वापराची जबाबदारीही कायद्याने आली आहे, पहिल्या वर्षी पाच टक्क्यांपासून. पण नुसते निवळून, गाळून, रंग घालून मोठ्या ब्रँडच्या डब्यात भरलेले तेल म्हणजे शुद्धीकरण नव्हे. म्हणून कंपनीच्या पंपावरून किंवा अधिकृत वितरकाकडून घ्यावे, ऑनलाइन घेतलेच तर विक्रेता कोण ते पाहावे, सील आपल्यासमोर तोडायला लावावे, आणि रिकाम्या डब्याला भोक पाडूनच तो टाकावा. सोन्याला आपण हॉलमार्क मागतो, इथे निदान बिल तरी मागावे.

शेवटी आपल्या शहरापुरत्या दोन गोष्टी. हालोलचा शेव्हरोलेचा कारखाना एप्रिल २०१७ मध्ये बंद झाला, त्या गाड्या मात्र इथे अजून फिरतात. अशा सभासदांनी पुस्तिका हरवली असल्यास दुसऱ्या मालकाकडून तिची प्रत करून घ्यावी, मेकॅनिकच्या आठवणीवर ग्रेड ठरवू नये. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुरात उभी राहिलेली गाडी कोणी स्वस्तात देऊ करत असेल, तर किंमत बोलण्याआधी इंजिनचे झाकण उघडून पाहावे. आत दुधाळ, चहासारखा थर दिसला तर तेलात पाणी गेलेले आहे. मग तेल कोणते घालावे हा प्रश्नच राहत नाही, ती गाडी घेऊ नये.