गोलरक्षकाला दोन वर्षे द्या

गेल्या पावसाळ्यात आंतरशालेय स्पर्धेत आपला फुटबॉल संघ एका गोलने हरला, हे शाळेत सर्वांना ठाऊक आहे. मैदानात चिखल होता, चेंडू ओलाचिंब झाला होता. लांबून आलेला एक साधा फटका आपल्या गोलरक्षकाच्या हातांतून निसटला आणि गोलात गेला. सामना संपायला चार मिनिटे उरली होती.

त्यानंतर काय घडले, ते मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो मुलगा शिक्षक-खोलीत आला. धुऊन वाळवलेले हातमोजे त्याने माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "सर, हे दुसऱ्या कुणाला द्या." नववीतला मुलगा. वर्गात कुणीतरी त्याचे नाव 'गाळणी' ठेवले होते, हे मला नंतर कळले.

आठवड्याभराने त्याचे वडील भेटायला आले. ते रागावलेले नव्हते, काळजीत होते. म्हणाले, "सर, पुढच्या वर्षी दहावी. आणि खरं सांगा, गोलकीपरला पुढे काय आहे? फॉरवर्ड असता तर निदान कुणी नाव तरी घेतलं असतं." त्या दिवशी मला त्यांना नीट उत्तर देता आले नाही. ते आज देत आहे. प्रश्न एका घराचा नाही, म्हणून ते सर्वांसमक्ष देतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: गोलरक्षक घडायला इतर खेळाडूंपेक्षा अधिक वेळ लागतो आणि त्याची चूक मात्र सर्वांत आधी दिसते. म्हणून एका सामन्यावरून, किंबहुना एका हंगामावरूनही, त्याचा निकाल लावू नये.

उदाहरण म्हणून धीरज सिंग मोइरांगथेम या मणिपुरी गोलरक्षकाचे घेऊ. त्याचा जन्म २००० सालचा. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. आपल्या फातोर्डा मैदानावरही त्या स्पर्धेचे सामने झाले होते. भारताचे तिन्ही सामने दिल्लीत झाले आणि गोलजाळ्यासमोर धीरज उभा होता. अमेरिकेविरुद्ध ०-३, कोलंबियाविरुद्ध १-२, घानाविरुद्ध ०-४. तीन सामने, तीन पराभव आणि नऊ गोल! आकडेच पाहायचे तर या मुलाला 'गाळणी' म्हणायला कुणाची हरकत होती? पण ज्यांनी ते सामने डोळे उघडे ठेवून पाहिले, त्यांना दिसले की आणखी कितीतरी गोल त्याने होऊ दिले नाहीत. धावफलक झालेले गोल मोजतो. न झालेले गोल मोजायला माणसाला सामनाच पाहावा लागतो.

पुढची वाटही सरळ नव्हती. २०१८ च्या सुरुवातीला तो स्कॉटलंडच्या मदरवेल क्लबात सरावासाठी गेला, पण तिथे करार झाला नाही. त्याच वर्षी अठराव्या वर्षी केरला ब्लास्टर्सने त्याला इंडियन सुपर लीगमध्ये खेळवले. २०१९ मध्ये तो कोलकात्याच्या एटीके संघात गेला. तिथे अरिंदम भट्टाचार्य हा अनुभवी गोलरक्षक पहिल्या पसंतीचा होता, त्यामुळे धीरजच्या वाट्याला बाकच आला. मार्च २०२० मध्ये एटीकेने फातोर्ड्यावर अंतिम सामना जिंकला, तेव्हा गोलात अरिंदम होता. विजेत्या संघात असूनही मैदानाबाहेर बसणे म्हणजे काय, हे राखीव गोलरक्षकालाच विचारावे. आघाडीचा खेळाडू शेवटच्या वीस मिनिटांसाठी तरी मैदानात उतरतो. गोलरक्षकाची जागा एकच, आणि ती सहसा मध्येच बदलत नाहीत.

जानेवारी २०२१ मध्ये तो एफसी गोवा संघात आला. साथीमुळे त्या हंगामाचे सगळे सामने गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर चालले होते. ८ मार्चला बांबोळीला मुंबई सिटीविरुद्ध उपांत्य फेरीचा दुसरा सामना झाला. धीरजने १२० मिनिटांच्या खेळात एकही गोल होऊ दिला नाही. पेनल्टी शूटआउटची वेळ आली, आणि प्रशिक्षकांनी ऐनवेळी त्याला बाहेर बोलावून नवीन कुमारला आत पाठवले. शूटआउटमध्ये गोवा ५-६ असा हरला. त्या रात्री वीस वर्षांच्या त्या मुलाला काय वाटले असेल, याची कल्पना करून पाहा. सगळा सामना राखला आणि परीक्षेच्या घटकेला आपल्यावर विश्वास नाही!

त्याने हातमोजे टेबलावर ठेवले नाहीत. पाच आठवड्यांनी, एप्रिलमध्ये, एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत उतरला. त्या टप्प्यात खेळणारा तो पहिला भारतीय क्लब. १४ एप्रिलला फातोर्ड्यावर समोर कतारचा अल रय्यान होता. त्याचे प्रशिक्षक होते फ्रान्सच्या १९९८ च्या विश्वविजेत्या संघातले लोराँ ब्लाँ. सामना ०-० सुटला. तीन दिवसांनी संयुक्त अरब अमिरातीच्या अल वाहदाविरुद्धही ०-०. इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध गोवा १-२ असा हरला खरा, पण त्या सामन्यातही धीरजने एक पेनल्टी अडवली. त्याच वर्षी ऑक्टोबरात २३ वर्षांखालील आशियाई पात्रता स्पर्धेत किरगिझस्तानविरुद्धचा सामना शूटआउटपर्यंत गेला. या वेळी धीरजला कुणी बाहेर बोलावले नाही, आणि त्याच्या बचावामुळे भारत जिंकला. मार्चमध्ये ज्याला शूटआउटसाठी नको म्हटले होते, त्यानेच ऑक्टोबरात शूटआउट जिंकून दिले.

आता कुणी म्हणेल, म्हणजे शेवट गोड झाला. तसेही नाही. २०२४ मध्ये धीरज मोहन बागानकडे गेला, तिथे विशाल कैथ हा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक होता. म्हणजे पुन्हा वाट पाहणे आलेच. ही गोष्ट मी यशोगाथा म्हणून सांगत नाही. तरुण गोलरक्षकाची वाटचाल अशीच असते: वर, खाली, बाकावर, पुन्हा वर. तिचा एखादाच तुकडा पाहून कुणाची किंमत ठरवू नये, एवढेच मला सांगायचे आहे.

दुसरे उदाहरण आपल्या वास्कोचे, लक्ष्मीकांत कट्टीमनीचे. ते अनेक पालकांना डोळ्यांपुढे आठवेल. २० डिसेंबर २०१५. फातोर्ड्यावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना, गोवा विरुद्ध चेन्नईयिन. त्या सामन्यात कट्टीमनीने पेनल्टी अडवली होती, हे आज किती जणांना आठवते? आठवते ते वेगळेच. ८७ व्या मिनिटाला गोवा २-१ असा पुढे गेला, सगळे मैदान उभे राहिले, आणि ९० व्या मिनिटाला कट्टीमनीच्या नावावर स्वयंगोल लागला. लगेच मेंडोझाने तिसरा गोल केला आणि करंडक चेन्नईला गेला. आपल्याच लोकांसमोर, आपल्याच मैदानावर असे घडणे याहून वाईट गोलरक्षकाच्या आयुष्यात काय असेल?

सहा वर्षांनी, २० मार्च २०२२ रोजी, त्याच फातोर्ड्यावर पुन्हा अंतिम सामना झाला. कट्टीमनी आता हैदराबादकडून खेळत होता, वय बत्तीस. केरला ब्लास्टर्सविरुद्ध १-१ अशी बरोबरी झाली आणि शूटआउटमध्ये त्याने तीन फटके अडवले. हैदराबाद विजेता ठरला. मैदान तेच, माणूसही तोच, आणि मध्ये सहा वर्षांचे रोजचे काम. २०१५ च्या त्या रात्री त्याने खेळ सोडला असता, तर आपण त्याला स्वयंगोलवाला म्हणूनच ओळखले असते.

आणि गोलकीपरचे नाव कुणी घेत नाही, असे निदान गोव्यात तरी म्हणू नये. ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर गोलरक्षकच होते. ते भारताचे कर्णधार झाले आणि १९९७ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. इटलीच्या दिनो झोफने १९८२ साली कर्णधार म्हणून विश्वचषक उचलला तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. या जागेवर धावण्याच्या वेगापेक्षा अंदाज, जागा धरणे आणि सहकाऱ्यांना हाका घालणे यांना महत्त्व असते. या गोष्टी वयाबरोबर पक्क्या होतात. चौदाव्या वर्षी त्या नसल्या, तर त्यात नवल नाही.

पालकहो, आता तुमच्या काळजीबद्दल. ती मला खोटी वाटत नाही. व्यावसायिक फुटबॉलचा भरवसा किती धरावा, हे २०२५ साली सर्वांनी पाहिले. त्या जुलैमध्ये इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम स्थगित झाला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगारही थांबवले. नावाजलेले खेळाडू घरी बसले. तेव्हा अभ्यास सोडून मुलाने गोलपोस्टखाली उभे राहावे, असे मी कधीही सांगणार नाही. दहावी महत्त्वाची आहेच. परंतु आठवड्यातून तीन दिवस एक तास सराव केल्याने दहावी बुडत नाही. उलट, चूक झाल्यावर पुढच्याच चेंडूसाठी पुन्हा उभे राहायची सवय परीक्षेच्या दालनात उपयोगी पडते. गणिताच्या पेपरात पहिले उदाहरण चुकले तर बाकीची सोडून घरी यावे, असे आपण मुलाला सांगतो का?

विश्वस्त मंडळासमोर माझ्या तीन साध्या सूचना आहेत. पहिली, संघात नेहमी दोन गोलरक्षक ठेवावेत आणि मैत्रीच्या सामन्यांत दोघांनी एकेक अर्ध खेळावे. म्हणजे एकावर सगळा भार पडणार नाही आणि दुसरा नुसता बसून राहणार नाही. दुसरी, गोलपोस्टसमोरची जागा पावसाळ्यापूर्वी दगड वेचून, माती-वाळू घालून नीट करावी. खडीवर झेप घ्यायला कुठलाही मुलगा कचरतो, आणि मग आपण त्याला भित्रा म्हणतो. तिसरी, पावसात पकड देणाऱ्या हातमोज्यांचे दोन जोड दरवर्षी घ्यावेत. ओल्या चेंडूवर गुळगुळीत झालेले जुने हातमोजे देऊन पाठवले ते आपण, आणि दोष मात्र मुलाच्या माथी आला. त्या दोषातला माझा वाटा मी मान्य करतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एकच सांगणे. त्या दिवशी आपल्या संघाने समोरच्या गोलात एकही चेंडू घातला नव्हता. आघाडीच्या खेळाडूंनी दोन सोप्या संधी दवडल्या, त्यांना मात्र कुणी नाव ठेवले नाही. अकरा जण हरले आणि चिडवायला एकच सापडला. हे खिलाडूपणाचे लक्षण नव्हे.

चांगल्या प्रशिक्षकाने एखाद्या सामन्यात गोलरक्षक बदलणे आणि आपण एखाद्या मुलाला कायमचे बाद करणे, यांत अंतर आहे. आमच्या गोलरक्षकाला नववी आणि दहावी अशी दोन वर्षे द्यावीत, असे मी त्याच्या वडिलांना विनवतो. या दोन वर्षांत तो व्यावसायिक खेळाडू होईल असे वचन मी देत नाही. कदाचित होणारही नाही. पण खेळ सोडायचाच असेल तर त्याने तो विचार करून सोडावा, एका ओल्या चेंडूमुळे नव्हे.

त्याचे हातमोजे मी दुसऱ्या कुणाला दिलेले नाहीत. ते माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. सोमवारी साडेचार वाजता सराव आहे.