कोटी करावी, पण जपून



आज सुरुवातीलाच एक कोडे घालतो. महिनाअखेरीस माझ्या खिशात चहापुरते पैसे उरत नाहीत, तरी मी रोज निदान एक कोटी तरी करतोच. कसा?

डोके खाजवू नका, आणि आयकरवाल्यांनाही कळवू नका. एका शब्दाच्या दोन अर्थांवर जी गंमत करतात तिलाही आपण 'कोटी'च म्हणतो. तिला भांडवल लागत नाही, तारण लागत नाही आणि हप्ता थकत नाही. शेतकऱ्याला परवडणारी एवढीच कोटी!

शब्दांच्या या खेळाची आपल्याकडे जुनी हौस आहे. कविवर्य मोरोपंत (१७२९-१७९४) हे बारामतीचे. रामाची एकच कथा त्यांनी नाना प्रकारे १०८ वेळा सांगितली. त्यातले एक 'निरोष्ठ रामायण'. ते म्हणताना ओठाला ओठ लागत नाही, म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यात नाहीत. ही झाली पंडितांची गोष्ट. गावात कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर डफावर थाप मारून रात्रभर एकमेकांना सवाल घालत आणि जबाब मागत. घरात आयाबाया जात्यावर आणि लग्नात उखाणे घालीत. 'उखाणा' हा शब्दही पाहा कसा दुहेरी: कोड्यालाही उखाणा आणि मालकांचे नाव घेण्यालाही उखाणाच!

मी शेतकी पदवी घेऊन या खात्यात आलो त्याला आता सत्तावीस वर्षे झाली. सुरुवातीला सभा घ्यायचो ती भाषणाची. लोक येत, घोंगडीवर बसत आणि दहा मिनिटांत पेंगत. मग एकदा भाषण सोडून कोडे घातले. पेंगणारे जागे झाले. तेव्हापासून माझ्या सभेत शेवटचा अर्धा तास प्रश्नमंजुषेचा. बक्षीस म्हणजे वांग्याच्या नाही तर मेथीच्या बियाण्याची पुडी. पण त्या पुडीसाठी सरपंचसुद्धा हात वर करतात.

परवा गणपतीत एका ऊसपट्ट्यातल्या गावी गेलो होतो. आरती झाली, खिरापत वाटून झाली आणि मंडपातच आमचा खेळ सुरू झाला.

पहिला प्रश्न : "नवरदेवाच्या फेट्याला शोभतो, शाहिराच्या नावाला लागतो, पण फडात आला की मालकाची झोप उडवतो. तो कोण?"

"तुरा!" पोरांनी एका दमात सांगितले.

बरोबर. उसाला तुरा आला की त्याची वाढ थांबते. साखर लगेच कमी होत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण दीड-दोन महिने उलटले की शेंड्याकडून पांगशा फुटतात, कांडी आतून पोकळ पडते आणि वजन व उतारा दोन्ही घटतात. म्हणून तुरा आलेला फड आधी तोडायचा. पण तुऱ्याला शिव्याही देऊ नका. तुरा नसता तर नवे वाणच निघाले नसते. कोईमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र निघाले, ते तुऱ्यांचा संकर करण्यासाठीच.

दुसरा प्रश्न : "याचा डोळा फुटला तर कोणी रडत नाही, उलट पेढे वाटावेसे वाटतात. कोण तो?"

याला जरा वेळ लागला. शेवटी एका शाळकरी मुलीने सांगितले, "उसाची टिपरी!" टिपरीचा डोळा फुटणे म्हणजे उगवण होणे. मी म्हटले, "मग टिपऱ्या फक्त लावायच्याच की खेळायच्या पण?" तशा बायका हसल्या. लागवडीच्या टिपऱ्या वेगळ्या आणि फेर धरून खेळायच्या वेगळ्या.

तिसरा : "रानात निवडून आणावे लागते, आणि गावात दिसले की सांभाळून राहावे लागते. ते काय?"

मागच्या बाजूने एक म्हातारबा ओरडले, "बेणं! आन् ते बघा पुढंच बसलंय!" त्यांनी आपल्याच नातवाकडे बोट दाखवले. सगळा मंडप हसला. उसाचे बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे, निरोगी, बेणेमळ्यातले घ्यावे आणि तीन वर्षांनी बदलावे, हे मी कागदावर वाचून दाखवले असते तर किती जणांच्या ध्यानात राहिले असते? नातवाकडे केलेले बोट मात्र सगळ्यांच्या ध्यानात राहिले, आणि त्याबरोबर बेणेही.

चौथा बायकांसाठी : "संक्रांतीला लुटतात, पेरणीला निवडतात, आणि ढवळ्याशेजारी बांधला तरी पवळ्याला लागत नाही. ते काय?"

"वाण!" एकच गलका झाला. हळदीकुंकवाचे वाण, बियाण्याचे वाण आणि बैलाचा वाण म्हणजे रंग. एक मावशी म्हणाल्या, "सायेब, चौथंबी हाय की. आमच्यात मिठाची वाण पडली तर शेजारनीकडं जातो." त्यांना दोन पुड्या दिल्या.

पाचवा प्रश्न बागवाल्यांसाठी : "माणसाला आला तर डॉक्टर गाठावा लागतो, बागेला दिला तर बहार येतो. काय ते?" उत्तर 'ताण'. संत्रा, मोसंबी, डाळिंबाच्या बागेला बहार धरण्यापूर्वी पाणी तोडून विसावा देतात तो ताण. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारीत जास्त. अती झाला तर झाडच वाळते. माणसाचेही तेच.

आता शेवटचा प्रश्न. वही मिटता मिटता सुचला म्हणून घातला. म्हटले, "एकच शब्द आहे. माणसाने घेतले तर माणूस उठतो, आणि माणसाने घेतले तर माणूस जातो. दोन्ही एकाच नावाने दुकानात मिळतात."

मला वाटले होते, पोरे ओरडतील. पण मंडपात कोणी बोलेना. मग खांबाला टेकून बसलेल्या एक आजी सावकाश म्हणाल्या, "औषध."

मी पुडी घेऊन पुढे झालो. त्यांनी हात पुढे केला नाही.

"राहू द्या, सायेब. ह्याचं उत्तर आमच्या घरात मिळालंय."

मग त्यांनी सांगितले ते तसेच सांगतो. त्यांच्या मालकांना खोकल्याची जुनी खोड. खोकल्याच्या औषधाची बाटली देवळीत असायची. दोन वर्षांमागे मुलाने फवारणीचे थोडे औषध वाटणीत आणले, ते खोकल्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून आणले, आणि रानात जायच्या आधी त्याच देवळीत ठेवले. रात्री वीज नव्हती. मालकांना उबळ आली. त्यांनी विचारले, "औषध कुठं हाय?" आजी अंथरुणातूनच म्हणाल्या, "देवळीत हाय, घ्या."

त्यांनी एक घोट घेतला. दुसरा थुंकला म्हणून वाचले. तालुक्याच्या गावी नऊ दिवस दवाखान्यात होते. घरी आले, पण पुढचे वर्षभर त्यांना मोटेच्या दोरासारखे ओढून उठवावे लागे.

"मीच सांगितलं, घ्या म्हणून," आजी म्हणाल्या. "मी खोटं न्हवतं सांगितलं. औषधच हुतं ते."

मंडळी, हे ऐकताना माझ्या हातातली पुडी तशीच राहिली. कारण मला ते दिवस आठवले. त्याच वर्षी त्या गावात मी प्रात्यक्षिक घेतले होते. कीडनाशकाची एक लिटरची बाटली होती आणि शेतकरी होते पाच-सहा, सगळे अल्पभूधारक. वाया जायला नको म्हणून मीच म्हटले, बाटल्या आणा, वाटून घेऊ. कोणी कसली बाटली आणली हे मी पाहिले नाही. वर सांगितले ते असे, "पंधरा लिटरच्या पंपाला तीस मिली औषध घ्या." सत्तावीस वर्षे मी हेच वाक्य बोलत आलो. 'औषध घ्या.' डॉक्टरही तेच म्हणतात आणि मीही तेच म्हणालो.

मी आजींना म्हटले, "आजी, ते वाटप मीच केलं होतं." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला ठावं हाय. लेकानं सांगितलं हुतं. तुमी तरी काय करनार, बाबा. समदेच त्याला औषध म्हनत्यात."

त्यांनी मला सोडले. मी स्वतःला इतक्या सहज सोडू शकलो नाही.

खेळ तिथेच थांबवला आणि गावाला विचारले, याला दुसरे नाव काय द्यायचे? एक जण म्हणाला, 'कीडनाशक.' दुसरा म्हणाला, ते म्हाताऱ्यांच्या तोंडात बसणार नाही. तिसरा म्हणाला, 'फवारणीचे विष' म्हणा. त्यावर एका तरुण शेतकऱ्याने हरकत घेतली, "साहेब, घरात विष आणलंय म्हटलं तर बायकापोरं घाबरतील की." आजी म्हणाल्या, "घाबरू देत. घाबरली तर हात लावनार न्हाईत." यावर कोणाला उत्तर सुचले नाही.

तेव्हापासून मी 'फवारणीचे विष' म्हणतो. जीभ अजून घसरते, सवय जुनी आहे. घसरली की समोरच्याने टोकावे अशी विनंती आहे.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपल्या सर्वांना आठवत असेल. तेव्हा विष तोंडाने घेतले नव्हते, ते अंगावाटे आणि श्वासावाटे गेले होते. म्हणून चार गोष्टी येथे लिहितो. हे पान कापून घरात लावलेत तरी चालेल.

मूळ बाटलीतून दुसऱ्या बाटलीत कधीही ओतू नये. पाण्याच्या, सरबताच्या, खोकल्याच्या बाटलीत तर नाहीच. वाटून घ्यायचे तर रानात पंप भरण्यापुरते मोजून घ्यावे, उरलेले मूळ बाटलीतच राहावे आणि ती कुलपात, पोरांच्या हाताबाहेर असावी. रिकामा डबा धुऊन मीठ-तेल ठेवायला वापरू नये. तो भोके पाडून निकामी करावा.

बाटलीवर चौकोन उभा केल्यासारखी खूण असते, तिच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे कमी विषारी. आपल्याला हिरवे म्हणजे चांगले वाटते, कारण आपले पीक हिरवे असते. येथे मात्र हिरव्याचा अर्थ 'निर्धास्त' असा नाही, 'तरीही जपा' असा आहे.

फवारताना वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून चालू नये. अंगभर कपडे, हातमोजे आणि नाकातोंडाला आच्छादन असावे. तंबाखू-विडी-चहा हात साबणाने धुतल्यावरच.

आणि घात झालाच, तर कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, आणि आपल्या मनाने उलटी करवू नये. १०८ वर गाडी बोलवावी आणि विषाची बाटली लेबलसकट डॉक्टरांकडे न्यावी. कोणते विष ते डॉक्टरांना कळले की उपचार लवकर सुरू होतो.

कोटी करण्यात गंमत आहे ती दोन्ही अर्थ आपल्याला माहीत असतात म्हणून. एकच माहीत असला तर ती गंमत राहत नाही. त्या आजींच्या घरी त्या रात्री एकच अर्थ माहीत होता.

असो. खेळ बंद करायचा नाही, उलट घरोघरी चालू ठेवायचा. पुढच्या अंकासाठी तीन प्रश्न देतो. रात्री जेवताना पोरांना घाला.

एक : पोराची मोडली तर आईबाप सुखावतात, झाडाचे मोडले तर शेतकरी रडतो. काय ते?

दोन : जमिनीचा सुधारतात, बाईच्या गळ्यात ओवतात आणि देवीच्या गोंधळात पेटवतात. काय?

तीन : सणाला लेकीला आणायला धाडतात, आणि पीक कापले तरी जमिनीतच राहते. काय?

उत्तरे पुढच्या अंकात. आणि हो, त्या आजींनी बियाण्याची पुडी शेवटी घेतली. मेथीची होती. "वाफा तयारच हाय," म्हणाल्या, "उगवली की जुडी पाठवते." मालकही आता थोडेथोडे रानात येतात म्हणे.

तेव्हा मंडळी, जपून राहा. राम राम.