बारा फ्लॅट, अठ्ठेचाळीस किलोवॅट

परवा शनिवारी कोल्हापूरला घरी गेलो. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, हॉलला पश्चिमेकडे भली मोठी काच. रात्री साडेदहाला भिंतीला हात लावला, तर तवा! बाबा रोज संध्याकाळी गच्चीवर पाइप धरून उभे असतात. पिण्यालायक पाणी स्लॅबवर, आणि वर एसीचं बिल आहेच.

आता म्हणाल, यासाठी नियम नाहीत का? आहेत की, ढीगभर. व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता २००७ साली आली. घरांसाठी २०१८ साली 'इको निवास संहिता'. तिच्यात भिंती-खिडक्यांतून दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये, अशी मर्यादा आहे. २०२२ च्या कायदादुरुस्तीने घरंही कायद्याच्या कक्षेत आली. टाळ्या!

पण ग्यानबाची मेख पुढे आहे. कायदा लागू होतो तो जोडभार १०० किलोवॅट किंवा मागणी १२० केव्हीए असेल तिथे. आमच्या बिल्डिंगमध्ये बारा फ्लॅट. प्रत्येकी ४ किलोवॅट धरले तर ४८. म्हणजे कोल्हापुरात राजारामपुरीपासून रुईकर कॉलनीपर्यंत जी तीन-चार मजली अपार्टमेंटं दिसतात, त्यातली बहुतेक बाहेरच. टॉवर नियमात, आणि माणसं राहतात ती बिल्डिंग मोकाट. ही मर्यादा खाली आणायचा अधिकार राज्याला आहे. मग आणा ना!

'घरं महाग होतील' हे रडगाणं ऐकलंय. अहो, काच लहान करायला पैसे पडत नाहीत, वाचतात. खिडकीवर पुरेसा छज्जा काढायला असं काय लागतं? बिल्डर काच लावतो कारण ब्रोशरमध्ये छान दिसते. बिल आपण भरतो, तो नाही. म्हणून तो १५ चा आकडा करारनाम्यातच छापायला लावा.

आणि जुन्या बिल्डिंगांचं काय? आमच्या धंद्यात जुन्या कोडला कुणी हात लावत नाही, तसंच इथे. पण पावसाच्या गळतीपायी इथली प्रत्येक सोसायटी कधी ना कधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करतेच. त्याच वेळी पांढरा चायना मोझॅक सक्तीचा करा, बदल्यात घरपट्टीत सूट द्या. नुसती सक्ती केलीत तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये काय होतं ते मी बघितलंय.

आमच्या मीटिंगमध्ये हा विषय मी काढला. एक काका म्हणाले, "पांढरी फरशी लगेच मळते रे." ठराव नामंजूर. बाबांनी नवा पाइप आणलाय, लांब.