ट्रॅक्टरचे ऑइल वाढते तेव्हा

ऑक्टोबर छाटणी होऊन तीन आठवडे झाले होते. नवी फूट कोवळी, त्यात दोन दिवस ढगाळ हवा आणि पहाटे पानांवर दव. केवड्याची फवारणी आज संध्याकाळी झालीच पाहिजे, हे निफाडकडच्या त्या बागायतदाराला सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती. पण जुना छोटा ट्रॅक्टर दोन ओळी फवारून झाल्या की मान टाकत होता. ब्लोअर लावून गती वाढवली की इंजिन गुदमरायचे. दहा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू, पुन्हा तोच प्रकार.

आठवडाभरात त्यांनी डिझेलचा फिल्टर बदलला होता, नोजल तपासून आणले होते. तालुक्याचा मिस्त्री उद्या येतो म्हणाला होता. पत्नी तेवढ्यात ऑइलची पट्टी पुसून पाहत होती.

‘‘अहो, मध्ये ऑइल टाकलं होतं का?’’

‘‘नाही गं. का?’’

‘‘वरच्या खुणेच्याही वर आलंय.’’

‘‘बरंय की. इंजिन ऑइल खात नाही म्हणजे.’’

त्यांनी पट्टी नाकाशी नेली. ‘‘वास घेऊन बघा आधी.’’

वास डिझेलचा होता. बोटावर घेतलेले ऑइल पाण्यासारखे पातळ लागत होते.

इंजिनचे ऑइल कमी झाले तर सगळेच घाबरतात; वाढले तर कुणी घाबरत नाही. खरे म्हणजे वाढलेले ऑइलही घातक आहे. ऑइल काही आपोआप वाढत नाही, बाहेरून काहीतरी आत शिरते तेव्हाच पातळी चढते. ऑइल दुधासारखे पांढुरके दिसले तर पाणी शिरले असे समजावे. काळे आणि पातळ झाले तर डिझेल. डिझेल मिसळलेल्या ऑइलला धरून राहण्याची ताकद उरत नाही, बेअरिंग कोरडी पडतात. आणि चेंबरमध्ये फारच भरले, तर इंजिन तेच ओढून जाळू लागते. मग डिझेल बंद केले तरी इंजिन थांबत नाही, गती वाढतच जाते. असे सुटलेले इंजिन ज्यांनी पाहिले आहे, ते त्याच्या जवळ उभे राहत नाहीत.

दोष पडद्यात

टाकीतले डिझेल इंजेक्शन पंपापर्यंत ढकलण्याचे काम फीड पंप करतो. (टाकी इंजिनपेक्षा उंच असेल तर काही यंत्रांना तो लागतही नाही.) अनेक जुन्या इंजिनांत हा पंप चेंबरच्या बाजूला दोन बोल्टांनी बसवलेला असतो. आतल्या कॅमवर त्याचा दांडा टेकतो, दांड्यामुळे रबरी पडदा खालीवर होतो आणि दोन बारीक व्हॉल्व्ह डिझेलला परत फिरू देत नाहीत. वर्षांनी पडदा कडक होतो, चिरतो. चीर लहान असताना इंजिन रिकामे छान चालते, कारण तेव्हा डिझेल थोडेच लागते. ब्लोअरचा भार आला की पुरवठा अपुरा पडतो. त्याच चिरेतून डिझेल खाली ऑइलमध्ये झिरपते. काही पंपांच्या अंगाला बारीक छिद्र असते, पडदा फाटला की तिथून डिझेल ठिबकून सूचना मिळते. ते छिद्र मातीने बुजलेले असेल तर सूचनाही नाही.

ऑइल वाढलेले नसेल, तर मात्र लगेच पंपावर आळ घेऊ नये. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र आधी पाहावे. ते बंद असले की टाकीत निर्वात होते आणि इंजिन असेच गुदमरते. झाकण सैल करून चालवले की लगेच कळते. मग टाकीपासून पंपापर्यंतची नळी. ‘‘कुठे गळत तर नाही,’’ असे म्हणून अनेकजण ती सोडून देतात. या भागात पंप ओढत असतो, त्यामुळे भेगेतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. नळी कोरडी दिसते आणि इंजिन एअर धरते. त्यानंतर पंपाच्या पुढची नळी सैल करून इंजिन सेल्फवर फिरवावे. डिझेल ठोके देत जोरात यायला हवे. बुडबुडे आले तर मागची नळी, नुसते ओघळले तर पंप.

इथे तो तपास करण्याची गरजच नव्हती. दोघांनी ट्रॅक्टर तिथेच उभा केला. त्या संध्याकाळची फवारणी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने झाली, डिझेल यांचे. मिंधेपण वाटले, पण बाग वाचवायची होती.

बदलताना

सकाळी मिस्त्री आला आणि काम दीड-दोन तासांत आटोपले. त्याने आधी पंपाभोवतीची माती धुऊन काढली. ही घाई न करण्याची जागा आहे, कारण डिझेलच्या वाटेत गेलेला कण थेट नोजलपर्यंत जातो. टाकीचा कॉक बंद केला, नळ्यांवर खुणा केल्या, पंप उतरवला. चेंबरच्या भोकात स्वच्छ कापड कोंबून मगच जुने पॅकिंग खरवडले. नवे पॅकिंग त्याच जाडीचे घेतले. जाड पॅकिंग लावले तर दांडा कॅमपासून दूर जातो आणि नवा पंपही कमी ओढतो. दांड्यावर दाब येणार नाही अशा जागी कॅम येईपर्यंत इंजिन हाताने फिरवले, दांडा कॅमवर नीट टेकल्याची खात्री केली आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळले. एक बोल्ट पुरता आवळून मग दुसऱ्याला हात घातला की पंपाचा कान तुटतो. तांब्याची वॉशर नवी घातली. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप मात्र डिझेलच्या नळ्यांना कधीही वापरू नये; तिचे तंतू सुटून पुढे अडकतात.

इंजिन सुरू करण्याआधी सगळे ऑइल काढून टाकले. ऑइलचा फिल्टरही बदलला. ‘‘फिल्टर राहू दे की,’’ असे बागायतदार म्हणाले होते, तेवढ्यात पत्नीने नव्या फिल्टरचा खोका पुढे केला.

शेवटी एअर काढली. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून पंपाची हाताची कळ हलवायची, बुडबुडे थांबले की स्क्रू बंद. मग तसेच इंजेक्शन पंपावर. कळ हलकी लागून काहीच येत नसेल तर पंप खराब आहे असे नाही. कॅम वर आलेला असतो. इंजिन थोडे फिरवले की कळ पकड घेते. नोजलच्या नळ्या सैल करण्याची वेळ आली तर हात आणि तोंड लांब ठेवावे. त्या दाबाचे डिझेल कातडीतून आत घुसते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, तरी वाट न पाहता दवाखाना गाठावा लागतो.

तिसऱ्या सेल्फला इंजिन लागले. ब्लोअर जोडून पूर्ण गतीवर दोन ओळी, चार ओळी. गुदमरले नाही.

उतरवलेला पंप मिस्त्रीने उघडून दाखवला. पडद्याची चीर नखाएवढीही नव्हती. त्याच्या कडेला रबर काचेसारखे चमकत होते. तो पंप त्यांनी फेकला नाही. दुरुस्तीचे किट मिळाले तर अडचणीला होईल म्हणून फडक्यात बांधून शेडमध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी इंजिन गार असताना पत्नीने पट्टी पाहिली. तिसऱ्या दिवशीही पाहिली. ऑइल दोन खुणांच्या मधोमध होते, तिथेच. फवारण्यांच्या वहीत तिने तारखेपुढे पंप बदलल्याची नोंद केली आणि मीटरवरचे तास लिहून ठेवले.